सोनोग्राफीत व्हेरिकोसील निघालं, आता ऑपरेशन करू की थेट आयसीएसआय?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. पत्नी २९ वर्षांची, पाळी नियमित. तिची गर्भनळ्यांची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी, दोन्ही नॉर्मल. नवऱ्याचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी काढला: वीर्य २ मिली, शुक्राणूंचा काउंट मिलीला ९ मिलियन, हालचाल २२ टक्के. सोनोग्राफीत डावीकडे ग्रेड २ आणि उजवीकडे ग्रेड १ व्हेरिकोसील. एक सर्जन दोन्ही बाजूंचं ऑपरेशन सांगतात. टेस्ट ट्यूब बेबी सेंटरवाले म्हणतात ऑपरेशनने काही होत नाही, थेट आयसीएसआय (लॅबमध्ये स्त्रीबीजात शुक्राणू टोचणं) करा. संध्याकाळी डावीकडे ओढल्यासारखं दुखतं. आणि ऑपरेशनने ‘ताकद’ जाईल का, ही भीती.

उत्तर:

तुमच्या प्रश्नात सगळं आहे, एक माहिती सोडून, आणि माझं निम्मं उत्तर नेमकं तिच्यावर अडलं आहे. तुम्हाला कुणी उभं करून, हाताने तपासलं का? सर्जनने ऑपरेशन सांगितलं ते सोनोग्राफीचा कागद बघून की तुम्हाला तपासून? सेंटरमध्ये तर बऱ्याचदा नवऱ्याला फक्त नमुन्याची डबी हातात मिळते, तपासणीच्या टेबलापर्यंत तो पोचतच नाही. व्हेरिकोसीलचा निर्णय बोटांनी होतो, मशीनने नाही. का ते सांगतो.

आधी हे आहे काय? वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरा फुगतात, त्यांच्या झडपा नीट बंद होत नाहीत आणि वर जायचं रक्त उलटं खाली उतरून साचतं. पायावरच्या व्हेरिकोज व्हेन्सचाच हा भाऊबंद. साधारण १५ टक्के पुरुषांत हे सापडतं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांत प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: पुरुषाच्या बाजूने दुरुस्त करता येण्याजोगं हे सगळ्यात जास्त सापडणारं कारण आहे, आणि तरीही व्हेरिकोसील असलेल्या बहुतेकांच्या घरात पोरं खेळताहेत. कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यामुळे व्हेरिकोसील सापडलं आणि मूल नाही, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही.

डावीकडेच जास्त का, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. डाव्या वृषणाची शीर लांबची वाट चालून डाव्या किडनीच्या शिरेला जवळपास काटकोनात मिळते. उजवीची शीर तिरकी होऊन थेट पोटातल्या महाशिरेत जाते. डावीकडे रक्ताचा खांब उंच आणि दाब जास्त, म्हणून झडप तिथेच आधी हार खाते. वृषण शरीराबाहेर लटकतं ते उगीच नाही. शुक्राणू तयार व्हायला त्याला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. खाली येणारी धमनी या शिरांच्या जाळ्यामधून जाते आणि वर निघालेलं थोडं गार रक्त तिच्यातलं गरम रक्त थंड करतं. जाळ्यातच रक्त तुंबलं की ही सोय बिघडते. उष्णता वाढते, पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्यातल्या डीएनएचीही तुटफूट वाढते. आणि बिघाड डाव्या बाजूचा असला तरी परिणाम दोन्ही वृषणांवर दिसतो.

आता तपासणी. खोली गार असेल तर अंडकोष आखडतो आणि काहीच कळत नाही, म्हणून एसी बंद, पंखाही बंद. पेशंटला पाच मिनिटं नुसतं उभं राहू द्यायचं. मग वृषणाच्या वरचा भाग अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच धरायचा. शुक्रवाहिनी तिथे वेगळी कळते, बारीक, कडक, बोटांतून निसटणारी. तिच्याभोवती मऊ, वळ्यावळ्यांचा गुंता लागला तर त्या शिरा. आता शौचाला करतो तसा जोर करायला सांगायचं. जोर केल्यावरच रक्त उतरताना बोटाला लागलं तर ग्रेड १. जोर न करताही गुंता हाताला लागला तर ग्रेड २. हात न लावता, समोर बसल्या बसल्या त्वचेखालून दिसला तर ग्रेड ३. मग पेशंटला आडवं करायचं. शिरा रिकाम्या होऊन गुंता नाहीसा व्हायला हवा.

तो नाहीसा झाला नाही तर कान टवकारायचे. आडवं होऊनही न ओसरणारं व्हेरिकोसील, फक्त उजवीकडचं व्हेरिकोसील, किंवा चाळिशीनंतर अचानक उगवलेलं व्हेरिकोसील असेल, तर वर पोटात कशाने तरी शीर दाबली जात नाही ना, हे बघावं लागतं. किडनीची गाठ क्वचित अशी पहिली ओळख देते. तुमच्या वयात आणि डावीकडे ही शक्यता फार कमी, पण पोटाची सोनोग्राफी झाली नसेल तर करून टाका, मोठं काम नाही.

तपासणीचा आणखी एक भाग हल्ली सर्रास गाळला जातो: वृषणांचं माप. त्यासाठी बारा मण्यांची एक माळ असते, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंत चढत्या आकारांची. एका हातात मणी आणि दुसऱ्या हातात वृषण धरून जुळवून बघायचं, इतकं साधं. प्रौढ पुरुषात साधारण १५ मिली किंवा जास्त भरायला हवं. डावं उजव्यापेक्षा बारीक आणि मऊ लागत असेल, तर व्हेरिकोसीलचा त्रास वृषणाला होतोय याची ती खूण असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत तर ऑपरेशन करायचं का, हे मुख्यतः याच फरकावर ठरतं.

सोनोग्राफीच्या खोलीत वेगळीच प्रतवारी चालते. तिथे शीर किती मिलीमीटर रुंद, ३ पेक्षा जास्त आहे का, जोर केल्यावर उलटा प्रवाह किती वेळ टिकतो, हे बघतात. काही रेडिओलॉजिस्ट तीन ग्रेड लिहितात, काही पाच. त्यामुळे कागदावरचं ‘ग्रेड २’ आणि हाताने सापडलेलं ग्रेड २ ही एकच गोष्ट नव्हे. मशीन इतकं बारीक बघतं की धडधाकट, दोन मुलांच्या बापातही काहीतरी उलटा प्रवाह दाखवेल. हाताला न लागणारं, फक्त सोनोग्राफीत दिसणारं व्हेरिकोसील ऑपरेट करून फायदा होत नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या युरॉलॉजी संघटना यावर एकमताने ‘करू नका’ म्हणतात. तुमच्या उजव्या बाजूचा ग्रेड १ मला इथेच संशयास्पद वाटतो. हाताला लागत नसेल, तर उजवीकडे चिरा मारायचं कारण नाही.

‘ऑपरेशनने काही होत नाही’ हे वाक्यही हवेतून आलेलं नाही. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापून आला की व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनने दिवस राहण्याचं प्रमाण वाढत नाही. बरीच वर्षं आयव्हीएफवाले तोच दाखला देत. पण त्या चाचण्या उघडून पाहिल्या तर काहींमध्ये फक्त सोनोग्राफीत दिसणारं व्हेरिकोसील असलेले पुरुष होते, काहींमध्ये वीर्याचा रिपोर्ट मुळात नॉर्मल असलेले. ज्यांना ऑपरेशनची गरजच नव्हती त्यांना ऑपरेशनने काय मिळणार? पुढे योग्य माणसं निवडून काम झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट असलेलेच पुरुष घेतले. निम्म्यांचं मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं थांबवलं. वर्षभरात ऑपरेशनवाल्या गटात सुमारे ३३ टक्के जोडप्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहिले, थांबलेल्या गटात सुमारे १४ टक्के. बोटांवर एवढा भर देतो तो यासाठी. निवड चुकली की तेच ऑपरेशन निरुपयोगी ठरतं.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. एका वीर्यतपासणीवर कुणीही काहीही ठरवू नये. एकाच माणसाचा काउंट महिन्याभरात दुप्पट किंवा निम्मा येऊ शकतो. किमान दोन तपासण्या हव्यात, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि प्रत्येक नमुन्याआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळून. शक्य तर नमुना लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा असेल तर तासाच्या आत, डबी अंगाला लागून ठेवून. पहिले थेंब सांडले असतील तर लाजू नका, सांगा. बहुतेक शुक्राणू पहिल्याच भागात असतात आणि ते सांडले तर रिपोर्ट उगाच वाईट दिसतो. साधा कंडोम किंवा तेल वापरून नमुना देऊ नका. आणि गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड, चिकनगुनिया असा सणसणीत ताप आला होता का, ते आठवा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आजच्या नमुन्यात दिसतो तो अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा ताप.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, काउंट प्रति मिली १६ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के. या आकड्यांना लोक पास-नापासची रेघ समजतात. ती तशी नाही. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांपैकी सगळ्यात खालचे ५ टक्के या आकड्यांच्या खाली होते, एवढाच त्याचा अर्थ. खाली असलेला माणूसही बाप होतो, वर असलेलाही अडतो.

मला सुटे आकडे बघण्यापेक्षा एक गुणाकार जास्त उपयोगी वाटतो. वीर्याचं प्रमाण गुणिले काउंट गुणिले हालचाल. तुमचं: २ मिली × ९ मिलियन = १८ मिलियन; त्याचे २२ टक्के म्हणजे सुमारे ४ मिलियन हलते शुक्राणू. साधारण हिशेब असा, की हा आकडा ५ च्या खाली असेल तर आययूआयमधून (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) फारसं हाती लागत नाही, म्हणून सेंटरवाले थेट आयसीएसआय म्हणतात. त्यात ते चुकीचं बोलत नाहीत. १० च्या वर गेला की आययूआय करून बघण्यात अर्थ आहे. आणखी चढला तर घरच्या घरी वाट बघण्यातही. ऑपरेशनचा खरा फायदा मी असा मोजतो: ४ वर असलेला माणूस १२-१५ वर गेला तर दोन महागड्या पायऱ्या वाचतात. काउंट ‘नॉर्मल’ झाला की नाही, हा प्रश्न गौण.

ऑपरेशनने काउंट सुधारण्याची शक्यता, निवड नीट असेल तर, ढोबळमानाने तीनपैकी दोन. म्हणजे तिघांतला एक जण ऑपरेशन करूनही तिथल्या तिथेच राहतो. हे आधी सांगणारा सर्जन निवडा. ‘शंभर टक्के रिझल्ट’ ऐकू आलं तर तिथून उठा.

एफएसएच (मेंदूकडून वृषणांना काम करायला सांगणारं हार्मोन) आणि सकाळी काढलेलं टेस्टोस्टेरॉन, या दोन रक्ततपासण्या करून घ्या. एफएसएच बराच वाढलेला आणि वृषणं बारीक असतील तर बिघाड शिरांच्या पलीकडचा, शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींचाच असू शकतो, आणि मग माझा ऑपरेशनचा उत्साह कमी होतो. काउंट ५ मिलियनच्या खाली असता तर गुणसूत्रांची तपासणीही सांगितली असती; ९ वर सहसा लागत नाही. तपासताना डॉक्टरांचं बोट वृषणाच्या मागच्या एपिडिडिमिसवरूनही (शुक्राणू साठवणारी गुंडाळलेली नळी) फिरायला हवं. तिथे कडक, न दुखणारी गाठ लागली तर आपल्याकडे टीबी डोक्यात ठेवावाच लागतो; तो वाट बुजवून काउंट शून्यावर आणू शकतो. विदर्भातून येणाऱ्या काही पेशंटमध्ये हत्तीरोगाचं पाणी भरलेलं असतं आणि घरात सगळे त्याला ‘अंडवृद्धी’ म्हणतात. ते वेगळं प्रकरण, व्हेरिकोसीलशी त्याचा संबंध नाही.

पत्नीबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांना भूल देऊन दुर्बीण झाली, नळ्यांची दुखरी तपासणी झाली, आणि मग कुणालातरी काहीशे रुपयांची वीर्यतपासणी आठवली. हा क्रम आपल्याकडे इतका रुळलाय की कुणाला खटकतही नाही. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी व्हायला हवी होती. असो, एक चांगलं झालं, त्यांचे रिपोर्ट हातात आहेत. फक्त एएमएच (अंडाशयातला स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) झालं नसेल तर ते करून घ्या, कारण तुमच्या निर्णयातला सगळ्यात मोठा आकडा तुमच्या काउंटचा नाही, त्यांच्या वयाचा आहे. २९ व्या वर्षी, अंडाशयात साठा चांगला असेल तर, ऑपरेशन करून वर्षभर वाट बघायला वेळ आहे. त्या ३७ च्या असत्या तर मी तुम्हाला ऑपरेशनपायी सहा-आठ महिने घालवू दिले नसते. तेव्हा सेंटरवाल्यांचंच ऐका म्हणालो असतो.

ऑपरेशन कोणतं, हा प्रश्न ऑपरेशन करायचं का याइतकाच महत्त्वाचा आहे. जुनी पद्धत पोटाच्या खालच्या भागात मोठा छेद घेऊन शिरा एकगठ्ठा बांधायची. नंतर दुर्बिणीची आली. दोन्हींत अडचण तीच: धमनी आणि लसिकावाहिन्या (पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) शिरांपासून नीट वेगळ्या दिसत नाहीत. लसिकावाहिनी बांधली गेली की पुढे वृषणाभोवती पाणी भरतं; बारीक शिरा सुटल्या की व्हेरिकोसील परत येतं. म्हणून आज पहिली पसंती मायक्रोस्कोपखालच्या ऑपरेशनला. जांघेत, जिथे वृषणाची दोरी (शुक्रवाहिनी, धमनी आणि शिरांचा जुडगा) बाहेर येते तिथे दोन-तीन सेंटीमीटरचा छेद. दोरी बाहेर उचलून घ्यायची आणि दहा-पंधरा पट मोठं करून बघायचं. धमनी जेमतेम १ मिलीमीटरची. ठोके दिसेनासे झाले तर पॅपाव्हेरिनचा थेंब टाकायचा. ती फुलते आणि पुन्हा ठोके देऊ लागते. जवळ बारीक डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर आवाजावरूनही सापडते. लसिकावाहिन्या पाण्यासारख्या पारदर्शक, त्यांनाही बाजूला काढायचं. मग उरलेल्या शिरा एकेक करून बांधायच्या; कधी आठ, कधी पंधराच्या वर. शुक्रवाहिनी आणि तिच्याबरोबरच्या शिरा सोडून द्यायच्या, पुढे रक्त परतायचा रस्ता तोच. हे सगळं नीट झालं तर व्हेरिकोसील परत येण्याचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या आसपास आणि पाणी भरण्याचं त्याहून कमी. सर्जनला थेट विचारा: मायक्रोस्कोप वापरता का? डोळ्याला लावायचं भिंग आणि ऑपरेटिंग मायक्रोस्कोप यात फरक आहे, तोही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

‘ताकद’. लैंगिक इच्छा, ताठरता, वीर्यपतन, यांच्या नसा आणि रक्तवाहिन्या या ऑपरेशनच्या वाटेत येतच नाहीत. वीर्याचं प्रमाणही कमी होत नाही, कारण वीर्यात शुक्राणूंचा वाटा पाचेक टक्क्यांच्या आत. बाकी सगळं पाणी वीर्यकोश आणि प्रोस्टेटचं. खरा धोका कशाचा, तर धमनीला इजा होऊन वृषण सुकण्याचा. तो फार दुर्मिळ आहे, आणि मायक्रोस्कोपचा आग्रह त्याच्यासाठीच.

ऑपरेशननंतर बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. दोन-तीन दिवस आराम. साधारण दोन आठवडे संबंध टाळा आणि तीन-चार आठवडे जड उचलायचं नाही. तुमच्या कामात हे अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून रजेचं आधीच बोलून ठेवा. मोल्ड उचलायला आठव्या दिवशी गेलात तर जखमेच्या जागी रक्त साचून बसेल. पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी, दुसरी सहा महिन्यांनी. महिन्याभरात लॅबमध्ये धावू नका. त्या वेळी दिसतात ते ऑपरेशनच्या आधी घडायला लागलेले शुक्राणू. सहा महिन्यांनीही आकडा हलला नाही तर पुढे फारसा हलत नाही. मग आयसीएसआयची वेळ, आणि तेव्हा रेंगाळू नका. आयसीएसआयमध्ये प्रत्येक स्त्रीबीजात एकच शुक्राणू टोचतात, त्यामुळे ९ मिलियनमध्येही ते होऊ शकतं. १९९२ मध्ये या पद्धतीने पहिली बाळं जन्मली तेव्हापासून कमी काउंटवाल्यांसाठी तो हक्काचा रस्ता आहे. सेंटर २०२१ च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे ना, एवढं बघा.

दुखण्याचं वेगळं बघू. दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी डावीकडे जड, ओढल्यासारखं वाटणं आणि आडवं झाल्यावर कमी होणं, हे व्हेरिकोसीलचंच दुखणं आहे. असं नेमकं दुखणं असेल तर ऑपरेशननंतर बहुसंख्य पेशंटना आराम पडतो. पण दुखणं लघवीच्या वेळी जळजळीचं असेल, वीर्यपतनानंतर वाढत असेल, बसल्यावर वृषण आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत खुपत असेल, तर ते व्हेरिकोसीलचं नव्हे. तो बहुधा ओटीपोटाच्या दीर्घ दुखण्याचा प्रकार. लोक त्याला ‘प्रोस्टेटायटिस’ म्हणून ओळखतात. त्यात बहुतेकदा जंतू सापडतच नाहीत, तरी महिनोन्महिने अँटिबायोटिक्स चालू असतात. त्या पेशंटचे ओटीपोटाचे तळाचे स्नायू ताठरलेले असतात आणि बरं वाटतं ते त्या स्नायूंच्या फिजिओथेरपीने, बैठक बदलून, बद्धकोष्ठ घालवून, कधी लघवीच्या वाटेचे स्नायू सैल करणाऱ्या अल्फा ब्लॉकर गोळीने. अशा माणसाच्या शिरा बांधल्या तर दुखणं जागच्या जागी राहतं आणि वर ऑपरेशनचा डाग. एक इशारा: वृषणात अचानक, मळमळ होईल इतकं तीव्र दुखलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला जेमतेम सहा तास हातात असतात.

तोपर्यंत संध्याकाळच्या ओढीसाठी कामावर असताना आधार देणारी चड्डी घाला. कोल्हापूरकराला लंगोट सांगायची गरज नाही. फक्त घरी आल्यावर तो सोडा, सैल कपडे घाला, नाहीतर दुखणं थांबेल आणि उष्णता वाढेल. भट्टीच्या तोंडाशी रोज आठ तास उभं राहण्याचा वीर्यावर परिणाम होतो, हे मी ठामपणे मानतो. नोकरी सोडा असं सांगणार नाही. पण काही महिने भट्टीपासून लांब, मोल्डिंगला किंवा फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करणं) ड्युटी बदलून मिळत असेल तर सुपरवायझरशी बोला. कारण सांगायचा संकोच वाटला तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, त्यावर आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. तंबाखू, सिगरेट, गुटखा बंद.

गोळ्यांबद्दल. तुमच्या फाइलमध्ये एव्हाना जस्त, फॉलिक ॲसिड, कोएन्झाइम असल्या गोळ्यांचं एखादं महागडं पाकीट लिहिलेलं असणार. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३७० जोडप्यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिड दिलं. मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, वीर्याचे आकडेही सुधारले नाहीत. मी या गोळ्या क्वचितच लिहितो. लिहून दिल्या असतील तर आभाळ कोसळणार नाही, पण त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका. ज्या गोष्टीने नुकसान होतं ती वेगळी: टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जिममधलं ‘ताकदीचं’ औषध. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि काउंट शून्यापर्यंत जाऊ शकतो. ‘मर्दानी कमजोरी’वर इलाज म्हणून असलं काही घेतलं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा, बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात.

तुमच्याबाबतीत माझं मत: डावीकडचं व्हेरिकोसील हाताला लागत असेल, दुसरा रिपोर्टही असाच आला, एफएसएच ठीक निघाला आणि पत्नीचं एएमएच वयाला धरून असेल, तर फक्त डाव्या बाजूचं मायक्रोस्कोपखालचं ऑपरेशन करा आणि सहा महिन्यांच्या रिपोर्टपर्यंत थांबा, काउंट वाढत असेल तर वर्षभर. डावीकडचंही हाताला लागत नसेल तर ऑपरेशन विसरा आणि सेंटरशी बोला. सर्जनकडे जाताना वीर्यतपासणीचे मूळ कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्या, पत्नीची फाइलही घ्या, आणि त्यांनाही बरोबर न्या. उजवीकडचं ऑपरेशन का सुचवलं, हे त्यांच्यासमोर विचारा.